आमच्या छातीचा फोटो

रात्रीची जेवणे आटोपली म्हणजे आमच्या ओटीवर एक लहानशी सभा भरते. अध्यक्षस्थानी, म्हणजे झोपाळ्यावर, दादा, म्हणजे आमचे वडील बंधू, आरामखुर्चीत आम्ही, माजघराच्या दारात वहिनी आणि आमची सौभाग्यवती, आणि शनिवार असला म्हणजे मुंबईहून आलेला दादांचा धाकटा मुलगा. हा पुतण्या संगणकाच्या धंद्यात आहे, त्यामुळे भविष्य सांगण्याचा मक्ता आमच्या घरात हल्ली त्याच्याकडे असतो. पूर्वी तो दादांच्या पंचांगाकडे असे.

गेल्या वर्षी अशाच एका शनिवारी त्याने जाहीर केले, "काका, आणखी दहा वर्षांनी डॉक्टर फक्त सही करायला उरेल. निदान सगळं यंत्र करील." दादांनी झोपाळा थांबवून विचारले, "आणि नाडी कोण बघणार?" यावर जो वाद झाला त्यात आम्ही, चाळीस वर्षे शाळामास्तरकी केलेल्या माणसाच्या सवयीने, दोन्ही पक्षांना निम्मे निम्मे गुण देऊन मोकळे झालो. या प्रश्नाचा आमच्या स्वतःच्या छातीशी काही संबंध येईल असे त्या रात्री आमच्या ध्यानीमनी नव्हते.

वडखळ ज्यांना ठाऊक आहे त्यांना ते नाका म्हणूनच ठाऊक असते. मुंबईहून आलेली मोटार येथे क्षणभर घुटमळते. सरळ गेले तर गोवा, उजवीकडे वळले तर अलिबाग. पाठीशी खारेपाटाची भातशेती, पलीकडे धरमतरची खाडी. एवढ्या रहदारीच्या गावी जगातील नव्या गोष्टी येतात खऱ्या, पण बहुधा न थांबता पुढे जातात. त्यामुळे ७ डिसेंबर २०२४ रोजी क्षयरोगाविरुद्ध शंभर दिवसांची देशव्यापी मोहीम सुरू झाली हे आम्ही वर्तमानपत्रात वाचले तेव्हा, ती आमच्या दारापर्यंत येईल असे वाटले नाही. परंतु त्या सुमारास आमच्या जुन्या शाळेच्या सभागृहात तपासणीचे एक शिबिर भरले, आणि साठी उलटलेल्यांनी खोकला असो वा नसो, छातीचा फोटो काढून घ्यावा असा निरोप घरोघर आला. आमच्या घरी साठी उलटलेली चार माणसे. सूनबाईने चौघांची आधारकार्डे एका पिशवीत घातली आणि आम्हा सर्वांना ती घेऊन गेली.

क्ष-किरणांचे यंत्र म्हणजे एक अंधारी खोली आणि तिच्यात हत्तीएवढे लोखंडी धूड, अशी आमची कल्पना. १८९५ च्या सप्टेंबरात आमच्या पेण तालुक्यातील गागोदे गावी विनोबांचा जन्म झाला आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात जर्मनीत रॉन्टगेन यांना हे किरण सापडले. सनावळी पाठ करून घेताना ही जोडी आम्ही मुलांना मुद्दाम सांगत असू. शिबिरातील यंत्र मात्र लग्नातल्या फोटोग्राफराच्या कॅमेऱ्याहून थोडेसेच मोठे होते. छातीशी एक पाटी धरावयाची, श्वास रोखावयाचा, एक टिचकीएवढा आवाज, झाले. शेजारच्या टेबलावरील संगणकात आमच्या बरगड्या उमटल्या. तेथे डॉक्टर कोणीच नव्हते. मिनिटभरात त्या चित्रावर उजव्या फुप्फुसाच्या वरच्या टोकास तांबडा-पिवळा डाग चढला आणि बाजूस आकडा आला: शंभरांत एकाहत्तर. मॅट्रिकला गणितात आम्हाला याहून कमी होते.

संगणकापाशी बसलेली मुलगी आमच्याच एका विद्यार्थ्याची कन्या. तिने आदराने आम्हाला खुर्ची दिली आणि कागदावर एकेक रकाना भरीत विचारू लागली. खोकला? नाही. ताप? नाही. वजन उतरले का? नाही. "सर, पूर्वी कधी टी.बी. झाला होता का?"

आमच्या मागे रांगेत सौभाग्यवती होती, तिच्यामागे वहिनी, बाजूस सूनबाई. दादा आमच्या आधी फोटो काढून भिंतीशी बसले होते. त्यांनी मान वर करून आमच्याकडे पाहिले.

आम्ही म्हणालो, "नाही."

वाचकहो, खोटे बोलल्याबद्दल आम्ही जन्मभर पोरांच्या हातावर छडी मारली आहे. म्हणून या एका शब्दामागे काय होते ते येथे सांगणे आम्हास भाग आहे.

१९७८ साली, वयाच्या विसाव्या वर्षी, आमच्या थुंकीतून रक्त पडले. मॅट्रिक होऊन आम्ही एका शाळेत तात्पुरते लागलो होतो. घरात आई, दादा व आम्ही. आईने दुसऱ्याच दिवशी आम्हाला मिरजेस मावशीकडे पाठविले. सर विल्यम वॉनलेस यांच्या मिशन रुग्णालयामुळे त्या गावी छातीच्या विकारासाठी दूरदूरचे लोक जात. रोग्यास आरोग्यधामात अडकवून ठेवण्याची गरज नाही, घरी राहून औषध घेतले तरी गुण तितकाच येतो, हे मद्रासच्या संशोधनकेंद्राने १९५९ सालीच दाखवून दिले होते. तेव्हा आम्ही मावशीच्या परसातील खोलीत राहून सुया टोचून घेत असू. स्ट्रेप्टोमायसीनच्या सुया, त्यांजबरोबर गोळ्या, आणि असे चौदा महिने. आज हाच उपचार पुष्कळांचा सहा महिन्यांत संपतो. त्या सुयांनी आमच्या कानात जी बारीक शिट्टी सुरू केली ती अजून थांबलेली नाही. लोक समजतात वर्गातल्या गोंगाटाने मास्तरांचे कान गेले.

मावशीच्या शेजारी एक वृद्ध शास्त्री राहत. परसाच्या भिंतीपलीकडून त्यांनी आम्हास लघुकौमुदी शिकविली. आम्ही अलीकडे, ते पलीकडे. आईने वडखळला सांगितले की धाकटा मिरजेस संस्कृत शिकावयास गेला आहे. म्हणजे तिचे बोलणे अगदीच खोटे होते असेही नाही. परत आलो तो "संस्कृतचे मास्तर" होऊन. आणि पुढे सदतीस वर्षे ज्या विद्येवर आमचा संसार चालला ती आम्हाला त्या रोगाच्या पोटी मिळाली आहे.

मिरजेचा एक फोटोही आम्ही बरोबर आणला होता. ती काळी फिल्म. आईने कातरीने नावाचा कोपरा कापून टाकला आणि फिल्म माळ्यावर टाकली. १६ फेब्रुवारी १९८० रोजी सूर्यग्रहण झाले तेव्हा आळीतल्या पोरांनी ती शोधून काढली आणि तिच्यातून सूर्य पाहिला. (असे पाहणे डोळ्यांस घातक असते, तेव्हा कोणी सांगितले नाही.) आमच्या बरगड्यांतून ग्रहण पाहून झाल्यावर ती फिल्म कोठे गेली कोणास ठाऊक. १९८४ साली आमचे लग्न झाले. मुलीकडच्यांना काहीही सांगितले नव्हते. आई गेली, मावशी गेली, मग हे जाणणारे दोघेच उरलो, दादा आणि आम्ही.

संस्कृतात या रोगाला राजयक्ष्मा म्हणतात. पुराणात तो प्रथम चंद्राला झाला. त्याला बिचाऱ्याला लपविण्याची सोयच नव्हती. सारे जग रोज रात्री त्याची एकेक कला उतरताना पाहत होते. मनुष्यांची गोष्ट निराळी. डॉ. आनंदीबाई जोशी अमेरिकेहून डॉक्टर होऊन आल्या आणि १८८७ च्या फेब्रुवारीत, बावीस वर्षे पुरी होण्यापूर्वीच, याच रोगाने गेल्या. कॉखने या रोगाचा जंतू दाखविला त्यास तेव्हा अवघी पाच वर्षे झाली होती. औषध मुळी नव्हतेच. त्या काळी लोकांनी या रोगाचे नाव घेण्यास भ्यावे हे समजते. आमच्या वेळी औषध होते, आम्ही बरे झालो होतो, आणि तरी घराने तोंड बंद ठेवले.

आता त्या यंत्राविषयी. ते शिकते कसे हे पुतण्याने आम्हाला समजावून दिले, आणि ते आम्हास आमच्याच शास्त्राच्या भाषेत नीट कळले. पाणिनीची रीत अशी की सूत्र आधी, उदाहरण मागून. यंत्राची रीत उलट. त्याला लक्षावधी फोटो दाखवितात, प्रत्येकाशेजारी जाणत्याने लिहिलेली नोंद: हा रोगी, हा निरोगी. उदाहरणांमागून उदाहरणे गिळून ते आपल्यापुरते काही सूत्र बनविते. मात्र कोणते सूत्र बनविले ते त्याला विचाराल तर सांगता येत नाही. लहान मूल मातृभाषा शिकते तसाच हा प्रकार. अशी यंत्रे परदेशातूनच येतात असेही नाही; क्युअर डॉट एआय ही कंपनी २०१६ साली मुंबईत निघाली आणि तिचे छातीचे फोटो वाचणारे यंत्र पुष्कळ देशांत चालते. मुंबईतीलच वाधवानी संस्थेने तर नुसत्या खोकल्याच्या आवाजावरून संशय घेणारे साधन बनविण्याचे काम हाती घेतले. २०२१ साली जागतिक आरोग्य संघटनेने पंधरा वर्षे व त्यावरील माणसांच्या तपासणीत, फोटो वाचण्यास तज्ज्ञाऐवजी यंत्र चालेल असा अभिप्राय दिला. खेड्यापाड्यांना याचा उपयोग केवढा ते आमच्यासारख्यांनी सांगावे. आमच्या तरुणपणी फोटो निघे एका गावी, वाचला जाई दुसऱ्या गावी, आणि अहवाल एस.टी.ने तिसऱ्या दिवशी येई, तोवर रोगी शेतावर परत गेलेला असे.

शिबिरातून चिठ्ठी घेऊन घरी आलो, आणि चिठ्ठी घरात शिरताच घर बदलले. कोणी आम्हास बोलले असे नाही. आपल्या घरांतून अशा गोष्टी बोलून होत नाहीत. वहिनींनी आमचे ताट व तांब्या निराळ्या फळीवर ठेवला. चार वर्षांचा नातू रोज दुपारी आमच्या कुशीत झोपे, तो आईबरोबर आजोळी गेला. सूनबाईने निघताना वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, "बाबा, रिपोर्ट येईपर्यंतच." तिचे चुकले काय? रोग निघालाच असता तर त्या पोराला प्रतिबंधक गोळ्या द्याव्या लागल्या असत्या. सौभाग्यवती मात्र आमच्याच खोलीत निजे. रात्री जाग आली की दिसे, ती उठून बसली आहे आणि आमचा श्वास ऐकते आहे.

थुंकी तपासावयाची तर थुंकी हवी, आणि आम्हास खोकलाच नव्हता. पहिला नमुना निकामी ठरला, नुसती लाळ. दुसरा द्यावयाचा तो आठ दिवसांनी.

याच आठवड्यात दादा एका रात्री आमच्या खाटेशी येऊन बसले. "सांगू नकोस," ते हळूच म्हणाले. "तपासणीत काय ते निघेल. जुनं कशाला उकरायचं? पोरीचं जमत आलंय." पोरीचे म्हणजे दादांच्या थोरल्या मुलाच्या मुलीचे. पुण्याचे स्थळ, मुलगा चांगला, बोलणी बैठकीपर्यंत आलेली. दादा वाईट मनुष्य नव्हेत. आमच्या आजारपणात त्यांनी स्वतःचे शिक्षण सोडून पैसे पाठविले होते. आम्ही मान हलविली.

दुसरा नमुना देण्यास तालुक्याच्या रुग्णालयात गेलो तेव्हा सौभाग्यवती बरोबर होती. तेथील डॉक्टरीणबाई तरुण, आमच्या मुलीहून लहान. त्यांनी संगणकावरचा फोटो बराच वेळ पाहिला. यंत्राचा तांबडा डाग काढून टाकून पुन्हा पाहिला. मग छातीला नळी लावली, मानेतील गाठी चाचपल्या, आणि म्हणाल्या, "आजोबा, मला हा व्रण जुना वाटतो. आकसलेला, कडा कठीण झालेल्या. पण यंत्र जुना की नवा ते सांगत नाही, आणि तुम्ही म्हणता पूर्वी काही झालं नव्हतं. मग मला तो नवा समजूनच चाललं पाहिजे. थुंकी स्वच्छ आली तर स्कॅन, कदाचित दुर्बीण घालून तपासणी. कर्करोगाचाही विचार करावा लागेल." थोडे थांबून त्यांनी पुन्हा विचारले, "नक्की काही झालं नव्हतं?"

तो शब्द ऐकून सौभाग्यवतीने पदर घट्ट धरला. तो हात पाहिला आणि आम्ही सांगितले. साल, गाव, सुया, महिने. डॉक्टरीणबाई भराभर लिहीत गेल्या. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. उलट अवघड गणित सुटावे तसा आनंद होता. "जुनी फिल्म आहे का? शेजारी ठेवून पाहिली असती तर दोन मिनिटांचं काम." आम्ही ग्रहणाची हकीकत सांगितली. त्या हसल्या.

सौभाग्यवती हसली नाही. बाहेर पडून रिक्षात बसेपर्यंत ती काही बोलली नाही. रिक्षा सुरू झाल्यावर समोर पाहत म्हणाली, "अहो, मुलीच्या वेळी त्या डॉक्टरांनीही हेच विचारलं होतं." आणि वडखळ नाका येईपर्यंत पुन्हा अक्षर काढले नाही.

१९९९ साली आमची मुलगी बारा वर्षांची होती. बारीक ताप, मानेवर गाठ, जेवण तुटलेले. पहिल्या डॉक्टरांनी विचारले, "घरात कुणाला क्षय होता?" खोलीत आम्ही दोघे होतो. सौभाग्यवतीने आमच्याकडे पाहिले, आणि आम्ही म्हणालो, "आमच्या घराण्यात नाही." त्या सद्गृहस्थांनी आमच्या शब्दावर विश्वास ठेवून दुसऱ्या रोगाची औषधे दिली. दोन महिने गेले. पोरीचे हात काडीसारखे झाले. मग दुसऱ्या एका डॉक्टरांनी कोणास काही न विचारता गाठीची तपासणी केली आणि क्षयाचे निदान झाले. औषधोपचाराने ती पूर्ण बरी झाली. आज नाशकास आहे, दोन मुलांची आई. २०१२ साली तिचे लग्न ठरविले तेव्हा ते आजारपण आम्ही तिच्या सासरी सांगितले नाही, आणि तिलाही सांगू नकोस म्हणून बजावले. बजावणारे आम्हीच. त्या दोन महिन्यांसाठी सौभाग्यवतीने पंचवीस वर्षे स्वतःला दोष दिला होता, की आपणच ताप अंगावर काढला. हे आम्हाला ठाऊक होते.

दुसरा नमुना चांगला निघाला. तपासणी ट्रुनॅट नावाच्या यंत्रावर झाली. हे यंत्र आमच्या शेजारच्या गोव्यातील मोलबायो कंपनीचे, आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली त्यास मान्यता दिलेली आहे. थुंकीत जंतूचा अंश असल्यास ते तास-दोन तासांत सांगते. आमच्या थुंकीत काही नव्हते. तीन महिन्यांनी पुन्हा फोटो काढला, पहिल्याशी ताडून पाहिला; डाग होता तसाच, तीळभर हललेला नाही. नातू कुशीत आला. ताट जुन्या फळीवर आले.

पुढच्या शनिवारी ओटीवर सभा भरली तेव्हा दादा पुतण्यास म्हणाले, "काय रे, तुझं यंत्र चुकलं की!" पुतण्या काही बोलण्याआधी आम्हीच म्हणालो की यंत्र चुकले नाही. त्याने एवढेच सांगितले की येथे छाया आहे, आणि छाया होती. सत्तेचाळीस वर्षांपूर्वीची ती छाया यंत्राला सापडली. ती आमच्या पत्नीस एकेचाळीस वर्षांत सापडली नव्हती. पुतण्याने मग मोबाइलवर शोधून एक माहिती वाचून दाखविली. ढाका शहरात २३,९५४ माणसांचे फोटो पाच निरनिराळ्या यंत्रांना वाचावयास दिले होते; २०२१ साली ते प्रसिद्ध झाले. पाचही यंत्रे तेथील तज्ज्ञ डॉक्टरांपेक्षा सरस ठरली. मात्र दोन प्रकारच्या माणसांत त्यांचा अंदाज ढिला पडला: साठीपुढची माणसे, आणि ज्यांना पूर्वी क्षय होऊन गेला आहे अशी. आम्ही दोन्ही वर्गांत उत्तीर्ण.

आपल्या वैद्यकात रोगीपरीक्षा त्रिविध सांगितली आहे: दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न. दर्शन यंत्राने घेतले, आणि चांगले घेतले यात आता आम्हाला शंका नाही. दादांच्या मधुमेहापायी त्यांच्या डोळ्यांचीही काळजी असते; मुंबईच्या महापालिकेच्या दवाखान्यांत मोबाइल फोनच्या कॅमेऱ्याने डोळ्याच्या पडद्याचे फोटो काढून, इंटरनेटवाचून, फोनमधील यंत्राकडूनच ते वाचविण्याचा प्रयोग झाला. २०१९ साली तो प्रसिद्ध झाला, आणि ज्यांना तज्ज्ञाकडे पाठविणे जरूर होते त्यांपैकी एकही त्यातून सुटला नाही. निरोगी असून उगाच पाठविले गेले असे मात्र काही निघाले. याला नावे ठेवण्यात अर्थ नाही. स्पर्शनासाठी अजून त्या डॉक्टरीणबाईंची बोटे लागली. प्रश्न विचारावयाचे काम यंत्र उद्या करीलही. कागदावरचे रकाने भरावयास माणूसच पाहिजे असे काही नाही. पण उत्तर? ते तर रोग्यानेच द्यावयाचे आहे. आणि यंत्राच्या पुढे विचार करता आम्हाला एक गोष्ट जास्तच बोचते. ज्या नोंदींवर यंत्र शिकते त्यांच्याशेजारी कोणी कोणी "पूर्वी आजार नाही" असे लिहवून घेतलेले असेल. आमच्यासारखे भले लोक सर्वत्र आहेत. ते उत्तरही आता यंत्राच्या विद्येत मुरले.

पुतण्याच्या दहा वर्षांच्या भविष्याला आम्ही त्या रात्री एक उत्तर दिले, ते आमच्याच जिल्ह्यातले. महाड तालुक्यात बिरवाडीच्या सरकारी केंद्रात डॉ. हिंमतराव बावसकर काम करू लागले तेव्हा लाल विंचवाच्या दंशाने धडधाकट माणसे व पोरे दगावत. पुस्तकांत त्यावर धड काही नव्हते. हा मनुष्य रोग्यांच्या उशाशी रात्र रात्र बसला. घाम केव्हा सुटला, उलटी केव्हा झाली, हातपाय केव्हा गार पडले, ते विचारून विचारून लिहीत गेला. १९८२ साली ती लक्षणे 'लॅन्सेट' या विलायतेच्या वैद्यकीय पत्रात छापून आली. पुढे रक्तदाबावरील प्राझोसिन हे औषध या दंशावर चालते हेही त्यांनीच दाखविले, आणि पुष्कळ जीव वाचले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. यंत्र ज्या वहीवरून शिकते ती वही प्रथम कोणीतरी अशी उशाशी बसून लिहावी लागते. पुतण्या म्हणाला, "काका, हे मान्य." भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनेही २०२३ साली घालून दिलेल्या नियमांत अशा यंत्रांवर माणसाची देखरेख असलीच पाहिजे असे म्हटले आहे, हेही त्यानेच सांगितले. असो.

त्या रात्री दादा लवकर उठून गेले. आमच्यावर ते रागावले होते, आणि अजूनही पुरते निवळलेले नाहीत. पुण्याच्या स्थळाकडे काही सांगावे की नाही यावर घरात दोन पक्ष पडले. चुलत आजोबांना सत्तेचाळीस वर्षांपूर्वी काय झाले याचा पोरीच्या लग्नाशी संबंध नाही असे डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितले होते. वहिनींचे म्हणणे, संबंध नसेल तर सांगायला भ्यायचे कशाला? शेवटी खुद्द नातच फोनवर त्या मुलाला सहज बोलून गेली. तो म्हणाला, त्याच्या आत्यालाही झाला होता. बैठक ठरल्याप्रमाणे झाली.

सौभाग्यवती आमच्याशी पूर्ववत बोलते. औषधाच्या गोळ्या हातावर ठेवते, चहात साखर कमी घालते. फक्त रात्री जाग आली म्हणजे आता ती निजलेली असते. मुलीला तिने फोनवर सर्व सांगितले. दोघींचे काय बोलणे झाले ते आम्हास कळविले नाही. गौरी-गणपतीला मुलगी आणि जावई चार दिवस येणार आहेत. जावयांना त्यांच्या पत्नीच्या आजारपणाविषयी आम्ही स्वतः सांगावे असे सौभाग्यवतीचे म्हणणे आहे. मखराचा कागद आणावयास काल पेणला गेलो होतो. येताना वाटेत मनाशी वाक्ये जुळवीत होतो, तीन-चार वेळा जुळविली, आणि प्रत्येक वेळी पहिल्याच वाक्यात कर्ता गाळला गेला.